विषय क्रमांक सहा

नियम मीच टाइप करून आणला होता अशोक चौकातून,
तीन प्रती, अठरा रुपये.
सदनिकेचा वापर केवळ राहण्यासाठी करावा.
वर लॅमिनेशन, लिफ्टशेजारी चार खिळे.
लिफ्ट अजून बसायची आहे. जागा आहे.

तक्रार तीनशे चारच्या कलशेट्टींची:
तीनशे दोनमधून तंबाखूचा वास येतो,
दुपारी कात्री वाजते,
आणि सोसायटीच्या पाण्यात धंद्याची पानं भिजतात.
किती पाणी? मी विचारलं.
एक तांब्या, ते म्हणाले, पण प्रश्न तत्त्वाचा आहे.

तीनशे दोनमध्ये नरसम्मा येमुल राहतात,
म्हणजे विड्या वळतात.
या दोन क्रियापदांच्या मधोमध
मला रेघ ओढायची होती.

मी साखर पेठेतला. एक खोली, खोलीत माग.
खरं तर मागाच्या खोलीत आम्ही.
वडील खड्ड्यात पाय सोडून बसायचे,
आई कांड्या भरायची,
रात्री मागाखाली अंथरूण आणि वर
अर्धी विणलेली दुसऱ्या कुणाची तरी चादर.
इथं तुम्ही राहता की काम करता,
असं कुणी विचारलं असतं
तर वडील म्हणाले असते,
बाजूला सरका, धोटा लागेल.

सभा रविवारी, गच्चीवर, सायंकाळी सातला.
एप्रिल. फरशी चपलेतूनही चावत होती.
सतरा जण आले.
पार्किंग, कबुतरांची जाळी, भाडेकरू पोरांचे मित्र,
रंगाचं कोटेशन, तळमजल्याचा कुत्रा.
हात वर, मंजूर. हात वर, मंजूर.
सहाव्यासाठी मी चष्मा पुसला
आणि खालून शिवप्पा ओरडला, पाणी आलं!

पाचव्या दिवसाचं पाणी.
जिन्यात सगळ्यांत पुढे कलशेट्टी.
दोन खुर्च्या उताण्या.
गणसंख्या: एक.

नियमात याचीही सोय आहे.
तहकूब सभा अर्ध्या तासाने त्याच जागी भरते
आणि तेव्हा गणसंख्येची अट उरत नाही.
हे कुणी वाचत नाही. मी वाचलंय.
मी थांबलो.

आठ पस्तीसला नरसम्मा वर आल्या, पदर ओला,
कडेला सूप. कठड्याला टेकून मांडी घातली.
"सकाळी माल द्यायचाय. चालू द्या तुमचं."
मी नियम वाचला, पोटकलमासकट.
पान, चिमूट, बोटांची गिरकी, दोरा,
नखानं तोंड बंद.
माझं वाचून होईस्तोवर सात झाल्या.

तुमचं म्हणणं काय?

"मग दिवसभर घरात काय करायचं असतंय,
ते बी लिव्हलंय का त्यात?"

मी कागद उलटून पाहिला.
मागची बाजू कोरी.

इतिवृत्त. विषय क्रमांक सहा. चर्चा झाली.
सदनिका तीनशे दोनमध्ये सदस्या राहतात,
असे आढळून आले.
सूचक, य. ना. मादगुंडी, सचिव.
अनुमोदक लागतोच.
त्यांनी बोटं लुगड्याला पुसली
आणि तेलुगूत सही केली, गोल, सावकाश,
शाळेत शिकवलेली तेवढीच.
शेवटच्या अक्षरावर तपकिरी ठसा राहिला.
मी तो खोडला नाही,
वहीत खाडाखोड चालत नाही.

तोवर मागच्या टाकीतून पाणी सांडायला लागलं होतं.
टाकीवर पांढऱ्या रंगात ३०४.
ओघळ फरशीवरून वाफाळत आमच्याकडे आला.
नरसम्मांनी सूप उचलून मांडीवर घेतलं
आणि आठवी वळायला घेतली.
मी खालच्या मजल्याकडे वाकून हाक मारली,
अहो कलशेट्टी.
मोटारीच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही.

हे इतिवृत्तात घेतलेलं नाही.
विषयपत्रिकेवर नव्हतं.